बँडचं आत्या बघेल

भाचीचं लग्न ठरलं त्या रात्री दादानं वही काढली आणि कामं वाटली. हॉल आणि केटरर त्याच्याकडं, साड्या-दागिने वहिनीकडं, पत्रिका धाकट्याकडं, गुरुजी आणि पूजेचं सामान काकूकडं. शेवटी उरला बँड. दादा म्हणाला, "त्याचं काय, आठवडाभर आधी फोन केला की कुणीतरी येतंच." मी म्हटलं, "कुणीतरी नको. बँडचं मी बघते."

सगळे हसले. एकतीस वर्षं शाळेत मराठी शिकवून निवृत्त झालेली बाई बँडची सुपारी द्यायला जाणार, हे आमच्या कराडच्या घरात कुणाला पटेना. काकू म्हणाली, "तिथं गडीमाणूस लागतो बोलायला." दादानं मात्र वहीत लिहून टाकलं: बँड – आत्या. त्याला एक काम कमी झालं होतं, एवढंच.

माझ्या हट्टाला कारण होतं. मी लहान असताना आमच्या पेठेत, गल्लीच्या तोंडाशी एका बँडची खोली होती. आषाढी एकादशीनंतर लग्नं थांबली की पार तुळशीच्या लग्नापर्यंत मुहूर्त नसायचे. मधल्या त्या पावसाळ्यात ही मंडळी नवी गाणी बसवायची. एकाच गाण्याची एकच ओळ क्लॅरिनेटवर संध्याकाळपर्यंत चालायची, आणि चुकली की पुन्हा पहिल्यापासून. माझे पाढे त्या ओळीवर पाठ झालेत. सकाळी चिंचेच्या पाण्यानं घासलेले ट्रंपेट भिंतीला ओळीनं उभे असायचे आणि त्यांत आमची वाकडी तोंडं बघायला आम्ही पोरं जायचो. हल्ली लग्नात बँड म्हणून जे येतं ते मला ओळखूच येत नाही. एक गाडी येते. तिच्यावर भोंगे, जनरेटर, कीबोर्ड आणि हातात माइक घेतलेला गायक. गाडीपुढं गणवेश घातलेले सहा-सात जण हातात पितळ धरून चालतात. त्यातलं वाजतंय किती आणि नुसतं चमकतंय किती, हे त्या भोंग्यांच्या आवाजात ब्रह्मदेवालाही कळणार नाही.

तर मला गाडी नको होती. मला फुंकणारी माणसं हवी होती.

बँड कसा निवडायचा, तर ऐकून. त्यांच्या दुकानाच्या पाटीवरून नाही, मोबाइलवर पाठवलेल्या व्हिडिओवरून तर मुळीच नाही. त्या व्हिडिओत आवाज एका लग्नातला आणि चित्र दुसऱ्या लग्नातलं असतं. मुलाकडच्यांनी, ते सांगलीचे, मला असा एक पाठवला होता. त्यात ढोल वाजतो तेव्हा टिपरू वर असतं. फुकट आणि खात्रीनं बँड ऐकायची जागा म्हणजे गणपतीची मिरवणूक. पुण्यात जुन्या ब्रास बँडचे कानसेन लक्ष्मी रोडवर त्याचसाठी उभे असतात. लग्न फेब्रुवारीत होतं आणि ठरलं श्रावणात, म्हणजे मध्ये अख्खा गणेशोत्सव हाताशी. विसर्जनाच्या दिवशी प्रीतिसंगमाकडं जाणाऱ्या रस्त्याला एका ओळखीच्या दुकानाच्या पायरीवर मी दुपारी चारला बसले ते रात्री साडेनऊपर्यंत. पर्समध्ये छोटी वही.

डीजे आणि गाड्यावाले बँड मी मोजलेच नाहीत. चालत वाजवणारे तीनच आले. पहिला जोरकस होता पण सगळे एकाच सुरात ओरडत होते. ट्रंपेट जे वाजवतोय तेच सॅक्सोफोन, तेच जाड आवाजाचं पितळी युफोनियम. दुसऱ्याचा ताल सुंदर, पण ट्रंपेटवाला प्रत्येक वरच्या सुराला थोडा खालीच राहायचा, जिन्याची शेवटची पायरी चुकल्यासारखा. तिसरा बँड आला तेव्हा अंधार पडला होता. त्यांच्यात पुढच्या रांगेत एक म्हातारे गृहस्थ होते, गणवेशाची टोपी कानापर्यंत आलेली, हातात क्लॅरिनेट. सगळा बँड गाण्याचं धृवपद वाजवायचा आणि अंतरा आला की बाकीचे थांबायचे. तो अंतरा हे एकटे वाजवायचे, मागं फक्त साइड ड्रमची हलकी तडतड. मिरवणुकीत कुणी लक्ष देत नव्हतं. मी पायरीवरून उठून त्यांच्याबरोबर दीडशे पावलं चालले. वहीत लिहिलं: तिसरा. क्लॅरिनेट.

दिवाळीत मी त्या बँडच्या ऑफिसात गेले. ऑफिस म्हणजे पत्र्याचा गाळा, आत लोखंडी कॉट, भिंतीला खुंट्यांवर लाल कोट टांगलेले आणि मागं जुन्या सुपाऱ्यांच्या पावत्यांचा गठ्ठा. बँडमास्तर साधारण चाळिशीचा. मी म्हटलं, "फेब्रुवारीतल्या लग्नासाठी आलेय." त्यानं माझ्या मागं बघितलं. दारात कुणी नव्हतं. "पाहुणे गाडी लावायला गेलेत का?" "नाही. मीच." त्यानं पटकन खुर्ची पुसली. नंतर मात्र आमचं बरं जमलं. तो मास्तर आणि मी बाई. दोघांनीही आयुष्यभर मागच्या रांगेतल्या लोकांना वठणीवर आणायचं काम केलेलं.

पहिल्या झटक्याला तो म्हणाला, "गाडी घ्या बाई. सिंगर, कीबोर्ड, लाइटिंग, सगळं आलं. पंचेचाळीसमध्ये करतो." मी म्हटलं, गाडी नको, माइक नको, नुसता ब्रास. मला वाटलं स्वस्त पडेल. तो म्हणाला, "मग पासष्ट." मी चकित झाले, पण त्यानं नीट समजावून सांगितलं आणि पटलंही. गाडीवरचा एक भोंगा पाच-सहा फुंकणाऱ्यांचं काम करतो. भोंग्याला मजुरी नाही, जेवण नाही, गावाला सोडायला जीप नाही. माइक काढला की तोंडं वाढवावी लागतात, आणि चांगलं तोंड आता सहज मिळत नाही. पोरं शिकत नाहीत. ट्रंपेटवर नुसता स्वच्छ सूर निघायला वर्ष जातं. त्या वेळात पोरगा मोबाइल दुरुस्ती शिकून दुकान टाकतो. वाद्यांचं म्हणाल तर त्याचे ट्रंपेट मेरठचे, जली कोठीतले. देशातल्या किती बँडांचं पितळ त्या एका मोहल्ल्यातून येतं! पलटणीच्या बँडची ती वाद्यं, संस्थानांनी उचलली, मग लग्नात आली. लाल कोटावरच्या खांद्याच्या झुली अजून पलटणीच्याच आहेत.

मग मी विचारलं, "किती माणसं?" "एकवीस." "त्यात वाजवणारी किती?"

मास्तर हसला. म्हणाला, "बाई, तुम्ही आधी कुठल्या बँडात होता का?"

हे विचारायलाच हवं. बँडवाला सांगतो तो आकडा गणवेशांचा असतो. त्यात खुळखुळे हलवणारा असतो, झांजवाला असतो, डोक्यावर दिवे धरणाऱ्या बायका कधी कधी धरलेल्या असतात, आणि दोन-तीन जण असे असतात की त्यांच्या तोंडाला पितळ लागलेलं असतं पण आत हवा जात नाही. त्यांना भरतीची माणसं म्हणतात. मला त्यांचा राग नाही, बिचाऱ्यांची एका दिवसाची मजुरी निघते. पण पैसे मी फुंकीचे देत होते. शेवटी पंधरा जणांवर ठरलं: चार ट्रंपेट, दोन क्लॅरिनेट, दोन सॅक्सोफोन, दोन युफोनियम, दोन साइड ड्रम, एक मोठा ढोल, एक झांज, एक ताशा. बावन्न हजार. विसार अकरा हजार, बाकी लग्नादिवशी वरात उतरल्यावर. भरतीचं कुणी आणलं तर त्याचे पैसे मास्तरच्या खिशातून.

दुसरा प्रश्न त्याहून महत्त्वाचा. "त्या तारखेला तुमच्याकडं आणखी किती सुपाऱ्या?"

मास्तरनं पेन टेबलावर दोनदा आपटलं. दाट तिथीला बँड फुटतो, हे मला गल्लीतल्या दिवसांपासून ठाऊक होतं. एका मुहूर्ताला तीन लग्नं घेतली की बँडचे तीन तुकडे करायचे, उरलेली माणसं मिरजेहून, इचलकरंजीहून, मिळतील तिथून उचलायची. गणवेश तोच, पाटी तीच. ज्या बँडला तुम्ही मिरवणुकीत ऐकलंत त्यातले तुमच्या दारात चारच येतात. मास्तर म्हणाला, "दोन आहेत. पण तुमच्याकडं मी स्वतः येतो." मी म्हटलं, "तुम्ही नाही आलात तरी चालेल. क्लॅरिनेटवाले काका यायला हवेत."

हे त्याला लागलं असणार, पण माणूस मोकळा. त्यानं आत हाक मारली. पडद्यामागून तेच म्हातारे गृहस्थ आले, रंगाचे डाग पडलेल्या शर्टात. मुहूर्त नसतात तेव्हा ते घरं रंगवायला जातात. मी त्यांना विसर्जनाच्या रात्रीचा अंतरा सांगितला. त्यांना तो आठवत नव्हता. म्हणाले, "वाजवला असंल. तिथं कोन ऐकतंय म्हनून मनाचंच वाजवतो."

मी कागद लिहायला घेतला. शाळेची सवय. माणसं किती, कोणती वाद्यं, कुठून कुठवर, किती वाजता पोचायचं. 'क्लॅरिनेट वाजवणारे ज्येष्ठ कलाकार स्वतः हजर राहतील' हे वाक्य मी अधोरेखित केलं. काकांनी सांगून एक कलम घालून घेतलं: सावली आणि पाणी मुलीकडून. फेब्रुवारीतही दुपारी बारा-साडेबाराला पितळ तापतं. तापलं की सूर चढतो, आणि काका म्हणाले, "ट्रंपेट येगळा चढतो, क्लारनेट येगळी. मग आमची भांडनं लागतात आन् लोकांना वाटतं आम्हाला वाजवता येईना." दुसरं, फुंकणाऱ्याला सलग वाजवायला लावायचं नाही. वीस-पंचवीस मिनिटांनी ओठांना विसावा. नाचणारी पोरं 'अजून एक, अजून एक' करतात तेव्हा थांबवायचं काम घरच्या माणसाचं, बँडवाल्याचं नव्हे. तो थांबला की उद्धट ठरतो. तेही लिहिलं.

आणि मग माझ्या हुशारीचं कलम. अक्षतांची वेळ. हॉलमध्ये स्टेज एका टोकाला, बँड बाहेर मांडवात, मधे चारशे माणसं. शेवटचं मंगलाष्टक संपल्या क्षणी बाहेर वाजलं पाहिजे. 'वाजवा रे वाजवा' अशी हाळी द्यायची रीत आहे, पण माइकच्या गोंगाटात ती दारापर्यंत पोचत नाही आणि बँड अर्धा मिनिट उशिरा सुरू होतो. अक्षता पडून गेलेल्या, हार घालून झालेले, मग बाहेर धाडधाड. हे मी डझनभर लग्नांत पाहिलंय. म्हणून मी योजना केली: भाचा दारात लाल टॉवेल घेऊन उभा राहील. टॉवेल हलला की बँड सुरू.

काका म्हणाले, "बाई, त्यापरीस मला दाराशी हुबं ऱ्हाऊ द्या. मी ऐकून लावतो."

मी म्हटलं, "दारात गर्दी असते काका. तुम्ही सावलीत बसा. टॉवेल दिसेल तुम्हाला." आणि कागदावर लिहिलं: लाल टॉवेल.

मधल्या दिवसांत दोन भानगडी झाल्या. मुलाकडच्या पोरांना वरातीला डीजेच हवा होता. त्यावर फार बोलावं लागलं नाही. हॉलपासून थोड्या अंतरावर दवाखाना आहे, आणि दवाखाना, शाळा, कोर्ट यांच्या भोवतालचे १०० मीटर शांतता क्षेत्र म्हणून जाहीर करता येतात. शिवाय रात्री १० नंतर स्पीकर बंद हा नियम आहेच, आणि वस्तीत दिवसा आवाजाची मर्यादा ५५ डेसिबल. डीजेवाल्यानं स्वतःच अंग काढून घेतलं. खरं सांगायचं तर चार ट्रंपेट आणि एक ढोल ५५ डेसिबलमध्ये राहतात असं मीही म्हणणार नाही. म्हणून वरात दिवसाउजेडी काढायची आणि त्या दवाखान्याच्या उलट्या बाजूनं न्यायची असं ठरवलं. बँड चालत असतो, त्यामुळं एका दारासमोर पाच मिनिटांहून जास्त त्याचा त्रास नाही.

दुसरी भानगड हॉलच्या मॅनेजरची. गाणी वाजवणार तर लायसन्सचे पैसे भरा म्हणाला. आमचा धाकटा वकील आहे. त्यानं कॉपीराइट कायदा, १९५७ मधलं कलम ५२ उघडून दाखवलं: धार्मिक समारंभात गाणं वाजवलं तर हक्कभंग होत नाही, आणि त्यात लग्नाची वरात आणि लग्नाशी संबंधित इतर समारंभ धरलेत, असं तिथं स्पष्टीकरणातच लिहिलंय. मॅनेजरनं विषय बदलला. त्यानंतर त्यानं आम्हाला पॅकेजमध्ये 'सनई' फुकट दिली. ही सनई म्हणजे पेनड्राइव्ह. पहाटे सहापासून तीच तीच सतरा मिनिटं, मधे एकदा खोकल्याचा आवाज. खरा सनई-चौघडा बोलवायची माझी फार इच्छा होती, पण दादानं वहीतला बेरजेचा आकडा दाखवला.

लग्नाच्या दिवशी साडेनऊला बँड आला. मी दारातच मोजले. पंधरा. त्यात ट्रंपेट तीनच खरे, चौथा मुलगा नुसता धरणारा. त्यानं माझ्याकडं बघून स्वतःच मान खाली घातली. काका होते. मास्तर दुसरीकडं गेला होता आणि त्याचा धाकटा भाऊ आला होता, जे मला चालणार होतं. मांडवाच्या उत्तरेकडं सावलीत सतरंजी, पाण्याचा जार. काकांनी क्लॅरिनेटची पातळ पट्टी, म्हणजे रीड, तोंडात धरून भिजवली, जोडली आणि सगळ्यांकडून एक सूर लावून घेतला. पाहुण्यांचं स्वागत, नवरदेवाचं मारुतीला जाणं, सगळं छान झालं. सांगलीचे पाहुणे आल्या आल्या नाचायला लागले, डीजे विसरले.

मुहूर्त १२ वाजून ३५ मिनिटांचा. अंतरपाट धरला. मंगलाष्टकं सुरू झाली. गुरुजींची दोन झाली, मग घरच्या मंडळींची हौस. चौथं वहिनीच्या बहिणीचं, म्हणजे नवरीच्या मावशीचं. तिनं स्वतः रचलं होतं. शार्दूलविक्रीडित, एका ओळीत १९ अक्षरं. पण दोन्ही घरच्या आजी-आजोबांपासून चुलत भावंडांपर्यंत सगळी नावं घालायची म्हटल्यावर वृत्ताचं कंबरडं मोडलं होतं. मराठीची शिक्षिका म्हणून मी डोळे मिटून घेतले होते. मावशी नवऱ्या मुलाच्या आजीच्या नावापर्यंत पोचली आणि बाहेर धडाड्‌धूम.

बँड सुरू. पूर्ण ताकदीनं.

बँड वाजला की अक्षता टाकायच्या, हे चारशे माणसांच्या हाताला मेंदूला न विचारता ठाऊक असतं. सगळ्या अक्षता एका दमात. स्टेजवर पाऊस. अंतरपाटाचं एक टोक नवरीच्या मामाच्या हातातून सुटलं, नवरा-नवरीनं एकमेकांकडं बघितलं आणि भाचीला हसू फुटलं. मावशी माइक धरून तशीच, तोंड उघडं. गुरुजींनी दोन्ही हात वर केले: "थांबा! थांबा! अजून सहा मिनिटं आहेत!"

मी दाराकडं पळाले. भाचा आपल्या जागी उभा होता, टॉवेल घडी घातलेला, कडक शिस्तीत. त्याच्या शेजारी केटररचा एक पोरगा. त्यानं टेबल पुसलं होतं आणि ते पुसायचं फडकं दारात येऊन झटकलं होतं. फडकं लाल.

बँड थांबवायचा असतो तेव्हा तो एकदम थांबत नाही. ट्रंपेट थांबले, सॅक्सोफोन रेंगाळत थांबले, ढोलवाल्याची पाठ आमच्याकडं होती. तो एकटाच वाजवत राहिला. धम्म. धम्म. धम्म. पंधरा तरी टोले. आतून चारशे माणसांचं हसणं आणि बाहेर एकटा ढोल.

आता अक्षता संपल्या होत्या. पोरं खुर्च्यांखालून वेचायला लागली, काकू ओरडली की पायदळी आलेल्या नकोत. तोच फडक्याचा पोरगा धावत स्वयंपाकघरात गेला आणि दोन किलो तांदूळ घेऊन आला, पुलावाचा बासमती. त्यात काकूनं कुंकू ओतलं, ताटं फिरली. मावशीनं मंगलाष्टक जिथं तुटलं तिथून नाही, पहिल्यापासून घेतलं. सगळी नावं पुन्हा.

मी बाहेर आले तेव्हा काका उठले होते. दाराच्या उंबऱ्याशी चपला काढून ते उभे होते, डोकं किंचित वाकडं, क्लॅरिनेट छातीशी. भाच्याला त्यांनी हातानं बाजूला केलं होतं. माझ्याकडं बघितलं. मी काही बोलले नाही, बोलायला जागाच नव्हती. प्रत्येक मंगलाष्टकाच्या शेवटी 'सावधान' येतं, त्यामुळं नवखा माणूस त्यावर फसतो. काका तीन वेळा 'सावधान' ऐकून ढिम्म राहिले. मग गुरुजींनी 'तदेव लग्नं' घेतलं आणि त्यांनी क्लॅरिनेट ओठांना लावली, डाव्या पायाचा अंगठा जमिनीवर टेकवत मोजायला लागले. मागं न बघता एक हात वर केला. मागचे चौदा जण उभे राहिले.

गुरुजींचा शेवटचा 'सावधान' अजून लांबत होता, त्या लांबलेल्या 'धा'वरच काकांनी सूर धरला. गुरुजींचाच सूर. आत कुणाला कळलंही नसेल की माणसाचा आवाज कुठं संपला आणि लाकडाचा कुठं सुरू झाला. एक श्वासभर तेवढंच. मग हात खाली आला आणि पितळ पडलं. अक्षता आणि वाजणं एकाच क्षणी. बासमती असल्यामुळं अक्षता जरा लांबट होत्या.

जेवणाचं मी आधीच सांगून ठेवलं होतं. केटरर बँडवाल्यांची ताटं वेगळी मोजतो आणि शेवटी, मागच्या बाजूला, उरलंसुरलं वाढतो. मी पंधरा ताटं मुख्य पंगतीत मोजायला लावली होती, दुसऱ्या बैठकीला. म्हणजे वरातीआधी त्यांना तासभर विसावाही मिळणार होता. काका आणि मंडळी हात धुऊन आत आली तेव्हा आमच्यातले एक वयस्क नातेवाईक माझ्या कानाशी आले आणि म्हणाले, "यांना मागं वाढायची पद्धत आहे." ही पद्धत मला माहीत आहे. गावाकडच्या लग्नांत वाजंत्री मांडवाबाहेर झाडाखाली बसायचे, आपापली भांडी घेऊन. वाजवणारे बहुतेक मातंग, होलार घरांतले. वाजवल्याशिवाय लग्न लागायचं नाही आणि वाजवणाऱ्याला मांडवात यायचं नाही. मी त्या गृहस्थांना म्हटलं, "तुम्ही बसा ना मागं, तुम्हाला वाढायला सांगते." ते माझ्याशी अजून बोलत नाहीत. वहिनीनं स्वतः काकांच्या ताटात जिलेबी वाढली. त्यांनी एकच घेतली; तोंड चिकट झालं की सूर घसरतो म्हणाले. उरलेल्या दोन कागदात बांधून घेतल्या, नातवासाठी.

वरात चारला निघाली, साडेपाचला उतरली. पोरांनी 'अजून एक' चा धोशा लावला तेव्हा मी पुढं जाऊन दोनदा थांबवलं आणि शिव्या खाल्ल्या. पाठवणीला काही वाजवू नका असं मी सांगितलं होतं, त्यांनी ऐकलं.

संध्याकाळी मास्तर हिशोबाला आला. दुसरं लग्न उरकून, तसाच, कोटाची बटणं उघडी. मी कागद काढला. चौथा ट्रंपेट भरतीचा निघाला म्हणून दोन हजार कमी करायचे ठरलं. त्यानं कुरकुर केली नाही, भावाकडं मात्र बघितलं. काकांना मी वेगळे पाचशे आणि टॉवेल-टोपी दिली. टॉवेल लाल होता. घरात तोच नवा होता, माझा इलाज नव्हता. काकांनी तो उलगडून बघितला आणि खांद्यावर टाकला.

मास्तरनं नोटा मोजल्या, कागदावर सही केली आणि कागदातल्या एका ओळीवर बोट ठेवून म्हणाला, "बाई, हितं लिहिलंय, अक्षतांच्या वेळी एकदा वाजवणे. आज दोनदा वाजलं. पण असू द्या, दुसऱ्या बारीचे घेत नाही."